बॉक्स आणि पलंगाच्या मध्ये

१

दुपारची भांडी आवरली की मी हिचं तोंड ओल्या फडक्याने पुसतो, केस मागे घेतो, पाठीशी दोन उशा लावतो आणि डोळ्यांवर चष्मा चढवतो. उजव्या अंगाला तिला अजून स्पर्श नीट कळत नाही, म्हणून त्या कानावरची काडी मी आधी बसवतो आणि बोट टेकवून सांगतो, ही बघ, बसली. मांडीवरून सरकवता येईल असं एक बुटकं टेबल मी तिच्यासाठी केलं आहे. त्यावर लॅपटॉप उघडून ठेवतो. थोड्या वेळाने पडद्यावर बोलणं शिकवणाऱ्या बाई येतात.

बाई एकेक चित्र दाखवतात. कप, किल्ली, झाड. हिने नाव सांगायचं. झटका आला तेव्हा हिचं निम्मं अंग गेलं आणि बोलणं सगळंच गेलं. अंगाचं मला तेवढं वाटलं नाही, उचलायला मी आहे. पण आमच्या घरात बोलायचं खातं तिचं. जन्मभर ती बोलली आणि मी हुंकार दिला. पाहुणे आले, कुणाशी वाजलं, पोराच्या शाळेत जायची वेळ आली, सगळीकडे माझ्या वाटचंही तीच बोलायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शब्द परत यायचे ते वर्षभरात येतात, पुढे फार आशा धरू नका. त्या वर्षातलं बरंचसं नुसतं गप्प बसण्यात गेलं. मग बाई मिळाल्या. पहिला शब्द आला तो कप. त्या संध्याकाळी मी उगाचच घरातले सगळे कप घासून पुसून फळीवर मांडून ठेवले.

मुलगा परगावी असतो. एक दिवस त्याचा फोन आला की लॅपटॉपवरची जुनी सिस्टीम आता निकालात निघाली, नवी टाकून देतो. तिकडे बसूनच त्याने ते केलं. पडद्यावर गोल गोल ठिपके बराच वेळ फिरत राहिले, मग रंग बदलले, अक्षरं जरा मोठी झाली. मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी किल्लीचं चित्र वर धरलं. हिचे ओठ हलले, घशातून ‘कि’ निघाला, आणि बाई तिथेच गोठल्या. हातात किल्ली, तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला. हिने वाट पाहिली. आपलं काही चुकलं का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मग ओठ मिटले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी पुन्हा तिने तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

२

मुलाला फोन लावला. तो म्हणाला, बाबा, अपग्रेड केलं की सुरुवातीला असं होतंच, मी सांगतो तसं करत चला. इंटरनेटचा बॉक्स बंद करून पुन्हा चालू केला. मग लॅपटॉपला आमचं वायफाय विसरायला लावलं आणि नव्याने ओळख करून दिली. ‘विसरा’ असं बटणच आहे तिथे. ते दाबताना मला बरं वाटलं नाही. मग त्याने कुठली तरी फाईल जुनी झाली म्हणून नवी बसवली. वीज वाचवायची सोय बंद केली. मध्ये मध्ये तो तिकडे कुणाशी तरी बोलायचा, आणि मी फोन कानाला लावून पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणेकडे बघत बसायचो. वायफायची खूण असते ना, उघडलेल्या पंख्यासारखी, एकावर एक रेघांची, ती. रेघा भरलेल्या असल्या की सगळं ठीक.

सकाळी रेघा भरलेल्याच असायच्या. मी परीक्षा म्हणून गाणी लावून ठेवायचो, एकही अडखळायचं नाही. मुलगा म्हणायचा, झालं बघा काम. आणि दुपारी बाई आल्या की थोड्याच वेळात रेघा जायच्या. बाईंचा आवाज तुटायचा, मग चेहरा, मग पडदा काळा. मी आणि मुलगा, दोघंही अगदी मेटाकुटीला आलो.

शेवटी मुलाने विचारलं की बाई असताना मी काही वेगळं करतो का. मी आठवून पाहिलं. वेगळं म्हणजे एवढंच, की बाईंना शांतता लागते म्हणून मी खोलीचं दार लावून घेतो. तो म्हणाला, मग उघडं ठेवा. ठेवलं. काही फरक पडला नाही. मग त्याने विचारलं, मध्ये कुणी ये-जा करतं का? मी म्हटलं, घरात आम्ही दोघं. त्यातली एक पलंगावर आणि दुसरा तिच्या उशाशी.

तो हसला. मीही हसलो.

३

नेटवाल्याला बोलावलं. तो इतका उंच आणि हडकुळा आहे, आणि खांद्यावर कायम शिडी, की सगळी गल्ली त्याला शिडीच म्हणते. त्यालाही त्याचा राग नाही. आल्या आल्या त्याने हिला हात जोडले, माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि कामाला लागला.

आमचं घर सरळ आहे. पुढची खोली, तिथे खिडकीतून तार आत येते आणि भिंतीवर बॉक्स आहे. मग अरुंद पॅसेज, एका बाजूला स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला न्हाणी. पॅसेजच्या टोकाला हिची खोली. शिडीने मोबाईल हातात धरून सगळीकडे चालून पाहिलं आणि म्हणाला की बॉक्स ठणठणीत आहे. त्यातून दोन लहरी निघतात. एक सावकाश चालणारी पण भिंतींना न जुमानणारी, दुसरी वेगवान पण नाजूक. जुनी सिस्टीम मिळेल ती घ्यायची. नवी हट्टाने वेगवानच धरून बसते, आणि त्या लहरीला काहीही आडवं आलेलं चालत नाही.

मी विचारलं, काहीही म्हणजे काय.

“माणूससुद्धा,” तो म्हणाला. “माणूस म्हणजे काय आजोबा, पाण्याचं पिंपच. मध्ये उभा राहिला की लहर पिऊन टाकतो.”

मला दाखवायला म्हणून त्याने मला लॅपटॉप घेऊन पलंगापाशी बसवलं आणि स्वतः पॅसेजमध्ये, दाराच्या जरा बाहेर जाऊन उभा राहिला. पंख्याच्या दोन रेघा गेल्या. तो बाजूला झाला, रेघा परत आल्या. ही आमची किंमत, तो म्हणाला, दोन रेघा. त्यावर हीसुद्धा हसल्यासारखी दिसली. दोन्ही लहरींचं काही तरी मागेपुढे करून बघतो म्हणाला, बोटं चालवली, आणि निघाला. चपला घालताना मी त्याला माझी शंका विचारली. लहर एवढी नाजूक, तर इतके महिने वर्ग बिनबोभाट कसे चालले?

“जुनी सिस्टीम सोशिक होती,” तो म्हणाला. “अडथळा आधीपासूनच असणार. ती कधी बोलली नाही. ही बोलते.”

त्या दुपारी दार लावून मी हिच्या उशाशी बसलो. बाई आल्या. हिने झाड म्हणून दाखवलं, आणि मी खुणेकडे पाहिलं तर दोन रेघा गेल्या होत्या. कमी नाही, जास्त नाही. मला वाटलं शिडीचं काही राहिलं असेल, तोच घ्यायला आला असेल. मी उठून दार उघडलं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. पुढच्या दाराला मी लावलेली कडी तशीच होती. न्हाणीत नळाखालच्या बादलीत थेंब पडत होता, तेवढाच आवाज. मी परत येऊन बसलो. रेघा दोन कमीच.

बाई गोठल्या. हिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर मी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत एक रेघ भरली, मग दुसरी. कुणी निघून जावं तशी.

मी स्वतःला समजावलं, की बाईंचं येणं-जाणं हेच लहरीला जड होत असेल. त्या गेल्या की हलकं होत असेल. मला यातलं काय कळतं.

४

खोलीचं दार माझ्या हातचं आहे. भरीव लाकूड, जड. खोली लहान, पलंग ठेवला की दार आत उघडायला जागा उरत नाही, म्हणून बसवतानाच मी ते बाहेर, पॅसेजच्या अंगाला उघडणारं केलं होतं. पॅसेज अरुंद असल्यामुळे उघडलं तरी ते तिथे आडवंच उभं राहतं. म्हणजे बंद असो की उघडं, बॉक्स आणि पलंगाच्या मध्ये ते येणारच. हे एका सकाळी दाढी करताना माझ्या डोक्यात आलं आणि मला अगदी सुटल्यासारखं झालं. दुसऱ्या कुणाला आणखी काही सुचलं असतं. मी जन्मभर सुतारकाम केलं, मला दार दिसलं.

ते एकट्याने उतरवणं या वयात झेपणारं नव्हतं. खालच्या मजल्यावर शिंपी राहतो, त्याला हाक मारली. तो गळ्यातली टेप तशीच घेऊन वर आला. म्हातारपणी नवरा-बायकोला दाराचीही अडचण व्हायला लागली म्हणायची, असं काहीसं बोलला, आणि हिच्याकडे बघून म्हणाला, वहिनी, आता यांच्यावर सरळ स्वयंपाकघरापर्यंत नजर ठेवा, साखर फार खातात. ही हसली नाही. ती माझ्या हातातल्या हातोडीकडे बघत होती.

मी वरच्या बिजागरीची खीळ ठोकून वर काढली. खालच्या बिजागरीला वाकलो.

“नको,” ती म्हणाली.

मी तसाच वाकलेला राहिलो. हा शब्द बाईंनी शिकवलेला नव्हता. त्याचं चित्र नसतं. तो तिचा तिने आणला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी शिंप्याला विचारलं, ऐकलंस ना? त्याने मान हलवली, आणि जरा अडखळत म्हणाला की अहो पण त्या नको म्हणतायत. मी म्हटलं, हो, आणि किती स्वच्छ म्हणाली बघ. तिने आणखी एकदा म्हटलं. मी खालची खीळ काढली. आम्ही दोघांनी दार उचलून पुढच्या खोलीत नेलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं.

ती चौकटीकडे बघत होती. दार गेल्यावर चौकट भलतीच मोठी दिसत होती.

५

त्यानंतर वर्ग सुरळीत चालला. बाई एकदाही गोठल्या नाहीत. चमचा आला, खिडकी आली, पाऊस आला. एकदा बाईंनी उशीचं चित्र दाखवलं तर हिने उशी म्हणून वर चांगल्या हाताने आपल्या उशीवर थापटलं. मी मुलाला रोज फोन करून नवे शब्द सांगायचो. तो म्हणाला, बाबा, तुम्ही एवढं कधी बोलत नव्हता.

मग एका दुपारी बाई मध्येच थांबल्या. गोठल्या नव्हत्या, थांबल्या होत्या. मी हिच्या उशाशी बसलो होतो, लॅपटॉपच्या तोंडासमोर नव्हतो, म्हणून त्यांना दिसत नव्हतो. त्या म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही तिकडे समोर उभे राहिलात की आजींचं लक्ष जातं. इकडे त्यांच्याजवळ बसा ना.”

मी म्हटलं, मी जवळच आहे. माझा आवाज जवळून आला तेव्हा त्या जराशा गोंधळल्या, बरं म्हणाल्या आणि पुढचं चित्र घेतलं. मी हिच्याकडे पाहिलं. तिची नजर लॅपटॉपच्या वरून पलीकडे, कपाटाच्या बाजूला होती. तिथे कपाट आणि भिंत, दुसरं काही नव्हतं. खुणेकडे पाहिलं. या वेळी दोन नाही, तीन रेघा गेल्या होत्या. एकच उरली होती, आणि बाईंचा आवाज तुटायला लागला होता.

आमच्या कामात दोन ठिकाणं एका रेषेत आहेत का बघायचं तर दोरी ताणतात. त्याखेरीज मला काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॉक्सशेजारच्या खिळ्याला दोरी बांधली, पॅसेजमधून आणली, चौकटीतून आत घेतली आणि हिच्या टेबलाशेजारी पलंगाच्या दांड्याला ताणून बांधली. लहर दोरीसारखीच जात असेल असं नाही, पण साधारण वाट कळावी. दोरी कशालाही लागत नव्हती. कपाटापासून चांगली हातभर लांब होती. मध्ये काहीही नव्हतं. शिडीला दाखवावं म्हणून मी ती तशीच राहू दिली, आणि हिला म्हटलं, बघ, घरात कपडे वाळत घालायची सोय झाली.

दुपारी बाई आल्या. काही वेळ बरा गेला. मग रेघा गेल्या, पुन्हा तीन, एकदम. मी मान वळवून दोरीकडे पाहिलं.

पॅसेजमध्ये ती सरळ होती. चौकटीतून सरळ आत आली होती. कपाटासमोर मात्र बोटभर बाजूला झालेली होती, आणि तिथून पलंगापर्यंत पुन्हा सरळ. कुणी अंग टेकून उभं राहिलं की दोरी जशी होते, तशी.

मी बराच वेळ बघितलं. माझे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. दोरी ओल धरते, सैलावते, हेही मला माहीत आहे. पण सैलावलेली दोरी खाली झोळ देते. बाजूला जात नाही. मी हात लांब करून पलंगाजवळ तिच्यावर बोट ठेवलं. ती सकाळी मी बांधली होती त्याहून घट्ट लागली. आणि माझं बोट लागताच ती झटकन सरळ झाली. जराशी थरथरली, मग थांबली.

बाईंचा आवाज पुन्हा नीट यायला लागला. त्या विचारत होत्या, आजी, हे काय आहे?

मी दोरी सोडून गुंडाळून ठेवली. शिडीला दाखवली नाही.

६

शिडी आला तेव्हा त्याने चौकट पाहिली, टेकवलेलं दार पाहिलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, आजोबा, आधी मला विचारायचं नाही का, साधी तार टाकून दिली असती. बॉक्समधून एक तार काढून भिंतीच्या कडेने, पॅसेजमधून, थेट लॅपटॉपला. मग लहर नको आणि रेघाही नकोत. त्याने थोड्या वेळात ते करूनही टाकलं. कोपऱ्यातली पंख्याची खूण गेली आणि तिथे एक छोटी चौकोनी खूण आली. आता मध्ये लग्नाची वरात उभी राहिली तरी फरक पडणार नाही, असं म्हणून तो हसत गेला.

खरंच पडला नाही. वर्ग एकदाही तुटला नाही. मुलगा म्हणाला, सुटला एकदाचा तिढा. बाई खूश होत्या, आणि एक दिवस वर्ग संपल्यावर त्यांनी मला विचारलं की सकाळी आजींकडून सराव कोण करून घेतं. मी म्हटलं, मीच, जमेल तेवढा. त्या म्हणाल्या, फार छान करून घेता हो. मी न शिकवलेले शब्द त्या बोलायला लागल्या आहेत.

मी करून घेत नव्हतो. मला कुठे येतं. मी नुसता समोर बसतो.

तेव्हापासून मी कान देऊ लागलो. सकाळी मी स्वयंपाकघरात असलो, नळ बंद केला, की हिचा आवाज येतो. शब्द कळत नाहीत, फार हळू असतं ते, पण बोलण्याची चाल कळते. पन्नासेक वर्षं मी ती ऐकत आलो आहे. थोडं बोलायचं, थांबायचं, दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं, मग मध्येच तोडून आपलं सांगायचं. एकदा ती हसलीसुद्धा, नाकातल्या नाकात, पूर्वी माझी फजिती कुणाला सांगताना हसायची तशी. मी फडकं हातात घेऊन पॅसेजमधून गेलो. मी चौकटीत पोचेपर्यंत ती गप्प झाली. मी विचारलं, काय म्हणत होतीस? तिने माझ्याकडे पाहिलं, पुष्कळ प्रयत्न केला, आणि म्हणाली, “कप.”

मी तिला चहा करून दिला.

शब्द यावेत म्हणून मी एवढी उठाठेव केली. ते आले होते. फक्त माझ्याजवळ येत नव्हते.

आणि आणखी एक गोष्ट मला चैन पडू देईना. रेघा होत्या तेव्हा वर्ग तुटायचा हे खरं, पण मला निदान कळायचं. आता मी उशाशी बसून खोलीत सगळीकडे बघत राहायचो, कपाटाजवळ, खिडकीजवळ, पलंगाच्या पायथ्याशी, आणि मला काहीच कळायचं नाही.

७

तार लावली होती, म्हणजे दार परत बसवायला हरकत नव्हती. माझं म्हणणं एवढंच होतं, की दार जागेवर होतं तोवर जे काही होतं ते पॅसेजमध्ये होतं. दार काढलं आणि ते आत आलं. ते बाहेर असताना दार लावलं तर ते बाहेर राहील. हे म्हटलं तर पोरकट आहे. पण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं, आणि दार बसवणं मला येतं.

दुपारचं जेवण झाल्यावर हिला जरा डोळा लागला. मी लॅपटॉप उघडला आणि तार काढून बाजूला ठेवली. पंख्याची खूण परत आली. सगळ्या रेघा भरलेल्या. मी थांबून राहिलो. एकही हलली नाही. बॉक्स आणि पलंगाच्या मध्ये कुणी नव्हतं.

शिंपी कापड आणायला गेला होता. तो येईपर्यंत थांबलो असतो तर बाईंची वेळ झाली असती. मी दार एकट्यानेच पॅसेजमधून आणलं, एक कोपरा पुढे, मग दुसरा पुढे, असं चालवत. दम लागला, पण आणलं. उघडलेल्या अवस्थेत ते चौकटीला लावून उभं केलं आणि खाली पाचर सारली. अशा वेळी पलीकडून एक माणूस लागतो. बिजागरीची भोकं एकमेकांसमोर यायला दार केसभर वर, केसभर बाजूला घ्यावं लागतं, आणि ते पलीकडचा घेतो. आपण नुसती खीळ धरून सांगायचं.

मी खांदा लावला. दार उचललं गेलं, पण भोकं जुळेनात. दोनदा खीळ निसटली. तिसऱ्यांदा मी डोळा बिजागरीला लावला आणि दार हलकं झालं.

मी सवयीने म्हटलं, जरा वर.

ते वर गेलं.

डावीकडे, मी म्हटलं. बास, धर तिथेच. खीळ नुसत्या बोटाने आत गेली.

खालच्या बिजागरीसाठी मी वाकलो तेव्हा मला पाचर दिसली. ती सुटून लादीवर आडवी पडली होती. दार तिच्यावर टेकलेलं नव्हतं. मी तसंच वर पाहिलं. दाराच्या कडेवर, पलीकडून आलेली, चार बोटं होती. माझ्या डोळ्यांपेक्षा बरीच उंच. जड वस्तू पेलली की नखं पांढरी पडतात, तशी ती पांढरी पडली होती.

एका बिजागरीवर दार सोडता येत नाही. सोडलं तर ते पिळवटतं आणि चौकट फोडतं. मी खालची खीळ हातात घेतली, भोकावर धरली आणि दाबली. तीही बसली. मग मी पुन्हा वर पाहिलं. तिथे दाराची कड होती, आणि तिच्यावर उतरत्या उन्हाची तिरीप.

मी दाराला वळसा घालून आत गेलो. खोलीत कुणी नव्हतं. लॅपटॉप उघडा होता, खूण सगळी भरलेली. ही जागी झाली होती. उशीवरून घसरलेली होती तरी मान उचलून बघत होती, पण माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी.

“अहो,” ती म्हणाली. आवाज तिचाच, आजारापूर्वीचा, घर चालवणारा. “त्यांना बसायला काहीतरी द्या. किती दिवस उभे आहेत.”

एवढं लांब ती झटका आल्यापासून कुणाजवळ बोलली नव्हती. माझ्याजवळ तर नाहीच. अडखळली नाही, शब्द शोधले नाहीत, आणि मला हाक मारली. मी उभा होतो तिथून मागे सरायला जागा नव्हती, पाठीमागे दार होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती वाट बघत होती, पाहुण्यांसमोर नवऱ्याने वेळेवर उठावं म्हणून बघायची तशी, जराशी रागावून.

मी स्वयंपाकघरातून खुर्ची आणली. आणताना दोन्ही हातांनी पुढे धरली होती. कुठे ठेवू, मी विचारलं.

तिने चांगल्या हाताने दाखवलं. मी पलंगापासून थोडी अलीकडे ठेवली आणि हात काढून घेतले.

तिने मान हलवली.

“जरा जवळ,” ती म्हणाली.

मी खुर्ची सरकवायला गेलो. ती रिकामी असती तर एका हाताने सरकली असती. मला दोन्ही हात लावावे लागले.